निवलेली कॉफी

श्कोडर गावात रविवारी सकाळी सायकल चालवायची तर एक नियम पाळावा लागतो. परात घेऊन निघालेल्या बाईला वाट द्यायची. घरोघरचं जेवण कोपऱ्यावरच्या बेकरीच्या भट्टीत भाजायला जातं आणि खमंग होऊन परत येतं. हा नियम सगळ्या गावाला ठाऊक होता. एलिएझरला नव्हता.

द्रांदे भट्टीवरून परतत होती. हातात वाफाळती परात, परातीत कांदा-टोमॅटोत भाजलेला तळ्यातला थोरला कार्प मासा. बारीक बुरबुर चालली होती, फरसबंदीचे दगड निसरडे झाले होते. वळणावर घंटी वाजली, ब्रेक कळवळला… आणि जन्मभर पाण्यात पोहलेला तो मासा एकदा शेवटचा हवेतून पोहला. समोरच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर तो आपटला आणि तिथून रस्त्यावर.

शर्टातला तरुण सायकल टाकून गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी रस्सा गोळा करू लागला. जणू तो गोळा होणारच होता. मागून दुसऱ्या सायकलीवर एक उंच, पिवळ्या केसांचा तरुण येऊन थांबला. दोघांच्याही खिशावर नावाची पट्टी होती. ‘बंधू एलिएझर’, ‘बंधू युहानी’.

“क्षमा करा,” पहिला म्हणाला. “मी… मी नवीन मासा आणतो.”

“मासा राहू दे,” द्रांदे म्हणाली. रागवायचं ठरवलं होतं तिने, पण त्याच्या कानावरून कांद्याची चकती लोंबत होती. “आधी कान धुऊन या.”

दुसऱ्या दिवशी तो खरोखरच मासा घेऊन आला. तळ्यावर जाऊन आणलेला, इतका ताजा की कागदात शेपूट हलत होतं. द्रांदेचा बाप प्रेक कमी बोलणारा, कुणाला चटकन घरात न घेणारा. त्याने माशाकडे पाहिलं, मग पोराकडे, आणि फाटक उघडलं.

एलिएझर ब्राझीलचा. त्याच्या पंथातली तरुण मुलं घर सोडून परमुलखात जातात आणि दोन वर्षं येशूची वार्ता सांगत दारोदार फिरतात. दोघांनी जोडीनं राहायचं. एकाने दुसऱ्याला नजरेआड होऊ द्यायचं नाही. दारू नाही, कॉफी नाही, आणि त्या मुदतीत प्रेमाबिमाचा तर शब्दसुद्धा नाही. पहाटे प्रार्थना, मग वाचन, मग सायकल आणि लोकांची दारं. श्कोडरमध्ये दार कुणी तोंडावर आपटत नाही. आत बोलावतात, खाऊ घालतात, गुडघेदुखी सांगतात, आणि देवाचा विषय निघाला की म्हणतात, आमचा येशू आहे आमच्यापाशी, तू आणखी एक तुकडा घे.

“देवाला रोज म्हणतो, एक तरी दार उघड,” तो एकदा द्रांदेला म्हणाला. “सगळीच उघडतात. पण माझ्यामागे आत कुणी येतच नाही.”

“तुम्ही आत आलात की बस्स ना,” ती म्हणाली, आणि मग आपण हे काय बोललो म्हणून मान खाली घालून मिरच्या निवडत बसली.

तो आठवड्यातून एकदा यायचा. शेजारपाजाऱ्यांच्या कामाला हात लावणं हाही त्याच्या सेवेचाच भाग होता. त्याने कुंपणाला चुना फासला, प्रेकबरोबर द्राक्षाचा मांडव बांधला. युहानी ओसरीवर बसून पुस्तक वाचायचा, आणि जरा जास्तच लक्ष देऊन वाचायचा. द्रांदे एलिएझरच्या बोलण्यातल्या चुका काढायची.

“बंधू म्हणा की मला,” तो एकदा हसत म्हणाला. “पट्टीवर लिहिलंय.”

“मला आहेत दोन भाऊ, इटलीत. तिसरा नको.”

तो लाल झाला. मांडवावरची पानं मोजल्यासारखं वर बघत राहिला. ओसरीवर पुस्तकाचं एक पान विनाकारण उलटलं.

आत्याचं, लेना आत्याचं, लक्ष सगळीकडे असायचं. पीठ मळता मळता ती जुन्या चालीवर गुणगुणायची —

*दारी डाळिंब फुललं, फांदी वाकली बाहेर,*
*वाटसरूच्या हाताला कसं कळावं माहेर…*

आणि द्रांदे म्हणायची, आत्या, दुसरं काही येत नाही का तुला. आत्या म्हणायची, येतं गं, पण ते लग्न ठरल्यावर म्हणायचं असतं.

प्रेकने पहिल्याच दिवशी राकीचा, घरच्या द्राक्षाच्या दारूचा, पेला पुढे केला होता. पोराने हात जोडले तेव्हा तो म्हणाला की आमचे पाद्रीसुद्धा घेतात. त्यानंतर द्रांदेने एलिएझरला बाजूला घेऊन शिकवलं होतं. समोर आलेलं कधी नको म्हणायचं नाही, घराचा अपमान होतो. नुसतं राहू द्यायचं, कुणी काही म्हणत नाही. कॉफीचंही तेव्हाच तिला कळलं. ब्राझीलचा आणि कॉफी पीत नाही, म्हणून ती पोट धरून हसली होती. पण मग दर खेपेला सगळ्यांची कॉफी उकळताना ती एका कपात डोंगरी चहा ओतायची आणि तो कप न बोलता त्याच्यापुढे ठेवायची. युहानी ओसरीवर पाण्यावरच भागवायचा. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. एवढंसं गुपित, पण ते उराशी घेऊन ती दिवसभर हलकी हलकी फिरायची.

शरदात त्याच्या वरिष्ठांचा निरोप आला. सोमवारी सकाळी कोर्चा गावी जायचं, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. तो सांगायला आला. त्याने विचारलं, तुमच्याकडे एखाद्या घराचा निरोप रीतसर कसा घेतात?

द्रांदेने सांगितलं, रविवारी दुपारी या. चांगले कपडे घालून, हातात मिठाई घेऊन. अंगणात नाही, बैठकीच्या खोलीत बसायचं.

हे सांगताना तिच्या मनात काही नव्हतं. निदान तिने स्वतःला तसं सांगितलं.

रविवारी दोघं आले. टाय बांधलेले, केस चापून बसवलेले, हातात रेशमी फितीचा मिठाईचा डबा. बैठकीत प्रेक होता आणि डोंगरातून आलेला त्याचा थोरला चुलतभाऊ मार्क. लेना आत्याने खिडकीतून त्या टायकडे, त्या डब्याकडे, गंभीर चेहऱ्याच्या युहानीकडे पाहिलं, आणि पदराआड हसावं तसं रुमालाआड हसली. स्वयंपाकघरात तिने स्वतः कॉफी उकळली, चार कप भरले आणि तबक द्रांदेच्या हाती दिलं.

चहाचं पातेलं चुलीशेजारीच होतं. एक कप रिकामा करून भरायला कितीसा वेळ लागला असता?

द्रांदेने तबक उचललं आणि ती तशीच गेली.

तिकडची एक रीत आहे, डोंगरातून आलेली. मागणं घेऊन आलेला पाहुणा कॉफीला हात लावत नाही. वैर मिटवायला आलेला असो की मुलगी मागायला, कप समोर निवत राहतो. मग यजमान विचारतो, काय हवं ते बोल. आणि ‘दिलं’ म्हणाला की पाहुणा कप उचलतो. त्यानंतर शब्द फिरत नाही.

प्रेकने आपली कॉफी प्यायली. मार्कने प्यायली. पाहुण्यांचे दोन कप तसेच. वाफ विरली, वर साय धरावी तसा फेस बसला. एलिएझर हात मांडीवर ठेवून बसला होता, तिने शिकवलं होतं तसा, नको न म्हणता. मार्कने प्रेककडे पाहिलं. प्रेकने मिशीवरून बोट फिरवलं. द्रांदे दाराशी उभी होती, आणि खोलीत काय चाललंय ते फक्त तिलाच दोन्ही बाजूंनी कळत होतं.

एक शब्द. बाबा, तो कॉफी पीत नाही. एवढंच. तो शब्द तिच्या जिभेवर आला, आणि तिने तो गिळला.

“बोल, पोरा,” प्रेक म्हणाला. “काय मागायला आलास?”

एलिएझर उठून उभा राहिला. पाठ केलेलं बोलू लागला. या घराने मला खूप दिलं, जे दिलं ते मी विसरणार नाही, उद्या मी जातोय, आणि आज तुमच्यासमोर… इथे शब्द अडला. डोळे भरून आले. त्याने द्रांदेकडे पाहिलं.

प्रेकला तेवढं पुरेसं होतं. कमी बोलणारा तो माणूस, पण आज सलग बोलला. “परक्या मुलखातला आहेस. पंथही वेगळा. रात्र रात्र विचार केलाय मी. पण माणूस पाहिलाय तुझ्यातला. घे, कॉफी घे. मुलगी दिली.”

मार्क उठून एलिएझरला मिठी मारायला निघाला. युहानीचा चेहरा कागदासारखा झाला. एलिएझरला समजायला क्षणभर लागला. मग रक्त त्याच्या मानेवरून कपाळापर्यंत चढलं. त्याचा हात पुढे आला… आणि थांबला.

“मी… आम्ही कॉफी पीत नाही,” तो म्हणाला. “आमच्या पंथात चालत नाही. मी निरोप घ्यायला आलो होतो.”

मार्क उभ्याचा उभा राहिला, हात तसेच पसरलेले. प्रेकने सावकाश मान वळवली.

“द्रांदे. तुला ठाऊक होतं हे?”

“नाही,” ती म्हणाली.

एलिएझरने तिच्याकडे पाहिलं. फार नाही, पापणी लवेपर्यंत. मग तो प्रेकसमोर वाकला. “चूक माझी आहे. मी आधी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुमचा अपमान माझ्यामुळे झाला.”

देवाच्या नावाने दारोदार फिरणारा, खोटं बोलणं पाप मानणारा तो मुलगा तिच्यासाठी खोटं बोलला, आणि ती दाराची चौकट धरून उभी राहिली.

ते गेले. मार्क पुटपुटला की तासाभरात ही गोष्ट डोंगरापर्यंत पोचेल. न मागता मुलगी देणारा बाप म्हणून प्रेकचं नाव निघेल. लेना आत्या स्वयंपाकघरात भांडी फार हळू घासत होती. प्रेक अंगणात जाऊन मांडवाखाली बसला, पाठ घराकडे करून.

द्रांदेला वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं. पण श्कोडरची जमीन मजबूत, नुसती ओली होते. लाज अंगभर तापासारखी चढत होती. बापाच्या त्या वाकलेल्या पाठीची लाज, त्या मुलाच्या एका दृष्टीची लाज, आणि सगळ्यांत खाली, कुणाला न दिसणारी आणखी एक, जिला नाव द्यायलाही ती भीत होती.

दिवेलागणीच्या आधी ती अंगणात गेली.

“बाबा, मला ठाऊक होतं.”

तो वळला नाही.

“पहिल्यापासून ठाऊक होतं. मीच त्याला चहा द्यायचे. कप तसाच राहू द्यायचा हेही मीच शिकवलेलं. त्याने माझं नाव झाकलं.”

“मग तोंड का नाही उघडलंस?”

ती म्हणाली, “मला वाटलं… तुम्ही ‘दिली’ म्हटल्यावर तो पिईल.”

प्रेकच्या पाठीत काहीतरी हललं. तो रागावेल असं तिला वाटलं, हात उगारला असता तरी तिने सोसलं असतं. तो म्हणाला, “म्हणजे मीही तेच धरून बसलो होतो, आणि तूही.” मग, “पोराला निर्दोष असून मान खाली घालून जावं लागलं माझ्या घरातून. हे मला झोपू देणार नाही.”

सोमवारी सकाळी बापलेक गाड्यांच्या थांब्यावर गेले. पाऊस उघडला होता, छपरांवरून थेंब गळत होते. एलिएझर छोट्या गाडीच्या टपावर सामान बांधत होता. प्रेकला पाहताच तो खाली उतरला आणि सावध उभा राहिला. भर थांब्यावर, ड्रायव्हर आणि चार बाया ऐकत असताना, प्रेकने डोक्यावरची टोपी काढली.

“पाहुण्यावर आळ राहिला माझ्या घरात. आळ खोटा होता. माफ कर.”

एवढं बोलून तो दूर जाऊन उभा राहिला. युहानीने एकवार दोघांकडे पाहिलं, नियम आठवला असावा. मग तो दोन पावलांवर सरकला आणि आपल्या बुटांची नाडी सोडून पुन्हा बांधू लागला. अगदी सावकाश.

“काल मी बाबांना ‘नाही’ म्हणाले,” द्रांदे म्हणाली. पट्टीवरचं नाव पुसट दिसत होतं तिला. “म्हणजे तुझ्यासमोर मी… आणि तू माझं पाप अंगावर घेतलंस. आणि मी गप्प का राहिले ते… तुला कळलं असेल. मला तू आवडतोस. झालं. आता हस.”

तो हसला नाही.

“मला यावर बोलायला परवानगी नाही,” तो म्हणाला. “उन्हाळ्यापर्यंत, मुदत संपेपर्यंत, नाही. मी शब्द दिलाय, आणि तो देवाला दिलाय.” तो थांबला. “पण काल प्रार्थनेला बसलो, आणि तिथे खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं, देवा, त्या घरात माझा हात कपाकडे गेला होता. तुझा नियम विसरून नाही… आठवत असताना गेला होता. त्याची लाज वाटते.” आणि मग, पहिल्यांदाच तिला ‘तू’ म्हणत, “तू लाजू नकोस, द्रांदे. ती लाज माझ्याकडे राहू दे.”

ड्रायव्हरने भोंगा वाजवला, म्हणाला की कोर्चाच्या लोकांनी काय वाट बघत म्हातारं व्हायचं.

“थांब जरा,” प्रेक लांबून म्हणाला. “आमचा माणूस आहे.”

ड्रायव्हरने भोंग्यावरचा हात काढला. एलिएझरने ते ऐकलं. काही न बोलता, बोलायची परवानगी नव्हती म्हणूनच केवळ, तो गाडीत चढला. काचेवर पाणी ओघळत होतं. त्यातून एक हात दिसला, काचेवर सपाट टेकलेला, गाडी वळेपर्यंत.

घराकडे जाताना बापलेक पुलापाशी आले. समोरून ओळखीच्या बाया आल्या, थांबल्या, कुजबुजल्या. द्रांदेची मान खाली गेली. प्रेकने तिचा हात आपल्या कोपरात घेतला आणि बायांना मोठ्याने नमस्कार केला.

पूल ओलांडल्यावर त्याने विचारलं, “उन्हाळ्यापर्यंत म्हणाला ना?”

“तुम्ही ऐकलंत?”

“कान आहेत मला.” थोडं चालून झाल्यावर, जरा अवघडून, “ब्राझीलला बर्फ पडतो का गं?”

“नाही, बाबा.”

“मग बरंय,” प्रेक म्हणाला. “तुला थंडी फार बाधते.”