तिला माहीत नसलेली खोली

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण मी हे ऐकीव सांगत नाहीये.

त्या दिवशी आमच्या वस्तीतली एकशे बारा माणसं शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर होती. त्यातल्या कुणालाही गाठून विचारा.

शनिवार होता. दुपारचे साडेतीन. रात्र नव्हती, अंधारी खोली नव्हती. भर दुपारी घडलं, म्हणून तर अजून पचत नाही.

आमची वस्ती नदीच्या वळणावर, सखल भागात. धरणातून पाणी सोडलं की पहिला मान आमचाच. पुलाच्या खांबावर दोन पट्टे रंगवलेले आहेत. पाणी पिवळ्याला लागलं की सामान वर टाकायचं. तांबड्याला लागायच्या आत शाळा गाठायची. घरोघर सांगायला वस्तीचीच एक पूरसमिती आहे.

समितीची प्रमुख होती माझी थोरली जाऊ.

तोंडावर मी तिला 'ताई, तुम्ही' म्हणायचे. मनात मात्र 'ती'च.

ती शिंपीण. मापं घ्यायला घराघरांत जायची, त्यामुळे कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला ऐकू येत नाही, कुणाला खुर्चीसकट उचलावं लागेल, सगळं तिला तोंडपाठ. आवाज असा की हातात भोंगा द्यायची गरज नव्हती. दार वाजवायची ते किल्लीने. ठक ठक... मग थांबून एक ठक. ते ऐकलं की गाढ झोपलेला माणूससुद्धा चपला शोधायला लागायचा.

एके दिवशी मशीनवर बसल्या बसल्याच ती गेली. मेंदूत रक्त साकळलं होतं.

तिचं काम माझ्याकडे आलं.

मी औषधाच्या दुकानात काम करते. शिस्त माझ्या अंगातच आहे. घर, माणसं, आजार, फोन नंबर, सगळं मी वहीत नीट लिहून काढलं. तिच्या वेळची घरं एका रंगात, तिच्यानंतर आलेली दुसऱ्या रंगात. फोनवर निरोप जायची सोय केली. वर्षातून दोनदा सगळ्यांना शाळेपर्यंत चालवून सराव घेतला.

आणि लोक काय म्हणायचे?

"ती होती तेव्हा कसली वही लागत नव्हती हो."

सासूबाई तर चहाचा कप खाली ठेवतानाही म्हणायच्या, "थोरलीची सर कुणाला नाही."

मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय! जिवंत माणसाचा हेवा केला तर निदान कधीतरी त्याची चूक सापडते. गेलेल्या माणसाची चूक कुठून काढणार?

तर, शनिवार. साडेतीनला दुकानात असताना फोन आला. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले होते. हातात जेमतेम तासभर. मी भोंगा उचलला आणि पावसातच पळत निघाले. दहा मिनिटांत वस्तीच्या तोंडाशी.

भोंगा तोंडाला लावला.

आणि थांबले...

गल्लीत एकही माणूस नव्हता.

दारांना कुलपं. गॅसच्या टाक्या ओसरीत वर बांधलेल्या. बाहेरची विजेची बटणं बंद. सगळं आमच्या सरावात ठरलेलं, तसंच. एका ओट्यावर चहाची कपबशी होती. मी हात लावून पाहिला...

अजून कोमट होती.

इतक्यात कोपऱ्यावर चांभारकाका दिसले. एका पायाने अधू. दोन शेजारी त्यांना खुर्चीवरून नेत होते.

"अगं, आता कशाला भोंगा घेऊन आलीस?" काका म्हणाले. "सगळे गेले. तुझी जाऊ मघाशीच दार वाजवून..."

काकांचं तोंड उघडंच राहिलं.

खुर्ची धरलेले दोघं जागच्या जागी थांबले. चौघं एकमेकांकडे बघत राहिलो. पाऊस पडत होता. मग खुर्ची भराभर पुढे गेली.

शाळेत पोचले तर तिथे हाच विषय. चेहरा कुणीच पाहिला नव्हता. पण ठक ठक आणि ठक, ते सगळ्यांनी ऐकलं होतं. "उठा, पाणी येतंय," हा आवाजही. तीन वाजता. म्हणजे मला फोन यायच्या अर्धा तास आधी!

सासूबाई सतरंजीवर बसून डोळे पुसत होत्या. "माझ्या सुनेचा आवाज मी ओळखणार नाही? मेल्यावरही धावून आली गं माझी बाई."

माझ्या सुनेचा. आणि मी कोण, भाडेकरू?

तुम्ही म्हणाल, अंगावर काटा आला असेल. आला. खोटं कशाला बोलू. पण त्याच्याआधी पोटात दुखलं. एवढी माणसं वाचली, याचा आनंद व्हायला हवा होता. माझ्या मनात मात्र एकच. वर्षभर राबले मी, आणि ऐन वेळी हीच आली मिरवायला.

मी वही काढली. हजेरी घेऊ लागले. आणि शपथेवर सांगते, एकेका नावाला मनातून एकच म्हणत होते...

एक तरी सुटलेलं असू दे.

लाज वाटते लिहिताना. पण तेच म्हणत होते.

तिच्या वेळची सगळी घरं आली. बहिऱ्या आजी आल्या. खुर्चीवरचे काका आले. एक नाव सुटलं नव्हतं.

मग मी वहीचं शेवटचं पान उलटलं. दुसऱ्या रंगाचं.

शेवटच्या घराच्या मागची खोली. तिथली बाळंतीण. बारा दिवसांचं बाळ. नवरा कामावर बाहेरगावी. ती खोली बांधलीच मुळी जाऊ गेल्यानंतर.

"मागच्या खोलीतली कुठंय?" मी ओरडले.

कुणालाच माहीत नव्हतं.

आणि मी हसले. खरंच हसले. तिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.

पुढच्याच क्षणी बाळ डोळ्यांसमोर आलं. सासूबाई 'अगं थांब' म्हणेपर्यंत मी जिन्याखाली होते. मागून कुणीतरी हाक मारली, मी थांबले नाही.

पाणी गुडघ्यापर्यंत आलं होतं. गढूळ, गार, ओढणारं. भिंतीला धरून शेवटच्या गल्लीत शिरले.

तेव्हा ऐकू आलं...

ठक ठक.

ठक.

रिकाम्या, कुलूप लावलेल्या घरांच्या दारांवर. एक झालं की पुढचं. पुढचं झालं की त्याच्या पुढचं.

मी वळणावर आले. शेवटच्या घरासमोर कुणीतरी पाठमोरं उभं होतं. गळ्यात मापाची टेप. पाऊस धो धो कोसळत होता...

टेप कोरडी होती.

ती दार वाजवत होती. थांबत होती. पुन्हा तेच दार वाजवत होती. तिच्यासाठी वस्ती तिथेच संपत होती. मागे आणखी एक दार आहे, हे तिच्या गावीही नव्हतं.

मी बोलले. कुठून आवाज आला कोण जाणे.

"ताई, मागे खोली आहे. नवी. आत बाळंतीण आहे."

ठकठक थांबली.

तिने मान जरा वळवली. चेहरा दिसण्याइतकी नाही. ऐकतेय, एवढं कळण्याइतकी.

आणि त्या तसल्या वेळी मी काय म्हणावं?

"हिला मी नेणार. ही माझ्या वहीतली आहे."

तिच्या अंगाला घासून जावं लागलं. बोळच तेवढा. तिथलं पाणी बर्फासारखं होतं.

आत पाणी खाटेला लागलं होतं. बाळंतीण तापात पडली होती, फोन केव्हाचा बंद. तिला गदागदा हलवून उठवलं. बाळ माझ्या ओढणीत छातीशी बांधलं. बाहेर आलो तर बोळात कुणी नव्हतं.

मी पुढे. बाळंतीण माझा हात धरून मागे. कोपऱ्यावर पाणी कमरेच्या वर गेलं आणि तिचा हात माझ्या हातातून सुटला. मी किंचाळले. वळून पाहिलं तर ती उभीच होती. सरळ. मग चालत आली आणि पुन्हा माझा हात धरला.

शाळेत तिला कोरडे कपडे दिले. बाळ रडायला लागलं तेव्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला. सासूबाईंनी पहिल्यांदाच माझ्या पाठीवरून हात फिरवला. "आज तू केलंस गं," म्हणाल्या.

एवढं एक वाक्य ऐकायला मी किती वर्षं थांबले होते!

तेवढ्यात बाळंतीण म्हणाली, "त्या दुसऱ्या बाई कुठं गेल्या?"

"कोण दुसऱ्या?"

"मागून मला कमरेला धरलं होतं त्या. कोपऱ्यावर. नाहीतर वाहूनच गेले असते मी..."

सासूबाईंचा हात माझ्या पाठीवरून निघाला.

पाणी दोन दिवसांनी ओसरलं. अठरा घरं पडली. माणूस एकही गेलं नाही. लोक अजून म्हणतात, दोघी जावांनी वस्ती वाचवली. आधी तिचं नाव घेतात, मग माझं.

इथवर असतं तर मी गप्प बसले असते.

गेल्या महिन्यात चौथ्या गल्लीत एक कुटुंब राहायला आलं. दुसऱ्याच दिवशी वही घेऊन मी त्यांच्या दारात. दार उघडणारी बाई वैतागली.

"आत्ताच तर सांगितलं ना सगळं!"

"कुणाला?"

"तुमच्या समितीच्या बाईंना. घरात चालता न येणारं कुणी आहे का, विचारत होत्या. खूप चांगल्या बोलतात हो त्या."

मी गल्लीत दोन्हीकडे पाहिलं. ऊन होतं. कुणी नव्हतं.

घाबरून घरी पळायला हवं होतं मी. पळाले नाही. तिथेच उभी राहून विचारलं, "किती वाजता आल्या होत्या?"

त्यानंतर वस्तीत आणखी तीन कुटुंबं आली. आता सामानाचा टेम्पो दिसला की मी दुकान तसंच टाकून धावते. सामान उतरायच्या आत दारात उभी असते.

अजून एकदाही मी पहिली पोचलेले नाही.