चूकदुरुस्ती

"कुबडी चांगली आली का हो फोटोत?"

मी त्याला म्हटलेलं हे पहिलं वाक्य. नोव्हेंबरात अवचित सर आली होती. सेलूच्या आमच्या जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यावर, कापसाच्या चाळीस गाड्या उभ्या, आणि मी काखेत कुबडी धरून गाडीवाल्यांवर ओरडत होते, "ताडपत्री ओढा की! भिजलेला कापूस मी पास करणार न्हाई, मग मामा लागा न्हाईतर काका लागा!" तेवढ्यात हा हिरव्या शर्टातला लांबडा माणूस गुडघ्यावर बसून माझ्या पायांचे फोटो काढायला लागला. पायांचे! वर एवढा छान चेहरा असताना...

तो गडबडला. कॅमेरा शर्टाखाली घेत म्हणाला, "मी सिद्धोधन. परभणीहून, पेपरकडून आलोय. कापूस भिजल्याची बातमी करायची होती... मग तुमी दिसलात."

"अन् कापूस राहिला."

"राहिला," तो म्हणाला आणि असा काही हसला, की माझ्या ओठावरची शिवी पोटातच गेली. मेल्याला हसायला काय जातं!

मी सुकेशनी, जिनिंगवरची ग्रेडर. गाडी आली की कापसात हात घालायचा, पुंजका ओढून धागा बघायचा, ओलावा मोजायचा आणि प्रत सांगायची. शेतकरी माझ्याशी कचाकचा भांडतात आणि पुढच्या खेपेला गाडी माझ्यापुढेच लावतात. माझा डावा पाय जन्मापासून आखूड आहे, पण या कामात त्याचा काय संबंध? काम बोटांचं आहे.

दिव्यांग दिनाच्या अंकासाठी तुमच्यावर लिहितो, असं म्हणून तो परत आला. मग माहिती अपुरी पडली म्हणून आला. मग पुन्हा अपुरी पडली. आमच्या धुरपताबाई, जिनिंगवर कापसातला कचरा वेचणाऱ्या, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "पोरी, ही बातमी हाय का पोथी? संपंनाच की!"

पण खरं सांगते, आला की तो काम शिकून घ्यायचा. शर्टाच्या बाह्या सारून थेट कापसात हात. मी त्याच्या बोटात पुंजका दिला, वरून माझी बोटं ठेवली. "असं... हळू. ओढू नका, येऊ द्या." धागा आला. त्याची बोटं मात्र जागची हलेनात. माझीही हलली नाहीत, खोटं कशाला बोलू?

एक दिवस चहा पिताना त्यानं लिहिलेलं वाचायला घेतलं. "'अपंगत्वावर मात करून...'"

"थांबा. मात म्हंजे?"

"म्हंजे... जिंकणं."

"अन् ही कुस्ती कधी झाली? पाय माझाच हाय. सव्वीस वर्षं आमी दोघं एका घरात नांदायलोत, आमचं भांडण न्हाई. भांडण हाय ते एसटीच्या उंच पायरीशी. तिच्यावर लिवा."

मला तर आता चेवच चढला होता. "मालिकेत बघा. माझ्यासारखी पोरगी एक तर रडत बसती, न्हाईतर साखरेहून गोड असती. अन् शेवटच्या भागात नवऱ्यासाठी धावायला लागती! मी न्हाई धावणार, आधीच सांगून ठेवते."

"कोण म्हणायलंय धावा म्हणून?" तो हळूच म्हणाला. "मी थांबतो की..."

आणि त्यानं ती ओळ खोडली. माझं ऐकून कुणी काही खोडलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. त्या दिवशी तो मला आवडला. म्हणजे आधीही आवडत होताच, त्या दिवशी मी ते कबूल केलं.

तीन डिसेंबरला पेपर आला. चार कॉलमी मथळा : "अपंगत्वावर मात! कुबडीच्या बळावर उभी राहिली रणरागिणी". खाली माझ्या पायांचा फोटो. आतला मजकूर त्याचाच होता, नेटका आणि खरा. पण आतलं वाचतं कोण? दुपारपर्यंत शाली आल्या, नारळ आले. एका बाईनं माझा गाल कुरवाळला आणि "बिचारी" म्हणाली.

शाल-नारळाचं काय एवढं! पण सगळ्यात लागलं ते वेगळंच. वालूरचे सिताराममामा, प्रत सांगितली की डोक्यावरची टोपी आपटणारे, त्या दिवशी हात जोडून म्हणाले, "तुमी म्हणाल ते, ताई." दुसराही तसंच, तिसराही. माझ्याशी भांडणंच बंद झालं! इतकी वर्षं भांडून कमावलेली जागा एका मथळ्यानं गेली. मी कापसाच्या ढिगामागं जाऊन रडले.

मग त्याला फोन लावला. "मथळा तुमचा?"

"न्हाई, संपादक साहेबांनी दिला." जरा थांबून म्हणाला, "फोटो मात्र माझाच."

"मग परत येऊ नका," मी म्हणाले. फोन ठेवला आणि पुन्हा रडले, या खेपेला त्याच्यासाठी.

पाच दिवस नुसते सुने गेले. सहाव्या दिवशी धुरपताबाई पेपर नाचवतच आल्या. "आगं, तुझ्या पोथीवाल्यानं काय छापलंय बघ! समदं जिनिंग हसायलंय."

चौकट छोटीशीच होती.

"चूकदुरुस्ती : सेलूच्या ग्रेडर सुकेशनी यांनी 'मात' केल्याचे आमच्या अंकात छापले गेले. त्यांनी कशावरही मात केलेली नाही. त्या कापसाची प्रत ठरवतात. त्यांच्याशी वाद घालता येतो, जिंकता येत नाही. छायाचित्रात त्यांचा चेहरा नजरचुकीने राहून गेला. तो फार सुंदर आहे, असे आमचे प्रतिनिधी कळवतात. क्षमस्व."

"जिंकता येत न्हाई म्हणं!" सिताराममामांनी टोपी आपटली. "परवा माझ्या चांगल्या कापसाला दुसरी प्रत लावली, ते काय?" आणि अशी जुंपली आमची, की मला रडू यायचं का हसू तेच कळेना. एवढं गोड भांडण मी जन्मात केलं नव्हतं.

भांडता भांडता फाटकाकडे नजर गेली. तो उभा होता, दोन एसट्या बदलून आलेला, धुळीनं माखलेला.

मी कुबडी टेकत निघाले. तो पुढं धावला नाही, हात द्यायला आला नाही. थांबला. माझ्या चालीनं मी पोचेपर्यंत नुसता बघत राहिला, आणि या खेपेला माझ्या चेहऱ्याकडे.

"साहेब लग्नाला गेल्ते," तो म्हणाला. "पान माझ्या हातात होतं, दिलं छापून. आज सकाळीच शिक्षा म्हणून पालमला बदली झालीय."

"खामखा नोकरी धोक्यात घातली."

"खामखा न्हाई." त्यानं बाहीनं तोंडावरची धूळ पुसली. "वाचली का... चूकदुरुस्ती?"

"वाचली. अजून एक चूक राहिली."

त्याचा चेहरा पडला. "आं? कोणती?"

"'आमचे प्रतिनिधी' लिवलंय." माझे कान तापले होते, पण बोललेच. "पेपरचे कशाला? 'माझे' पाहिजे होतं."

त्यानं खिशातलं पेन काढलं, पुन्हा ठेवलं आणि विचारलं, "मग ही दुरुस्ती... कुठं छापू?"

"छापायची न्हाई," मी म्हणाले. "घरी येऊन माझ्या आईला सांगायची."