मागचं डावं चाक

सांगतो. पण मी भुताखेतांच्या नादी लागणारा माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी चाकं खोलणारा. आवाज आला की त्याला कारण असतं, आणि ते बहुतेक वेळा ग्रीसमध्ये सापडतं.

दुपारी तीनच्या सुमारास एक बाई पिकअप घेऊन गॅरेजवर आल्या. रोपवाटिकेची रोपं घरोघर पोचवायचं त्यांचं काम. वेग चाळीसच्या वर गेला की मागच्या डाव्या चाकातून घूंऽऽ असा आवाज येतो, म्हणाल्या.

"चाक निखळलं तर? पोरगी बसते हो शेजारी. आवाज घालवा, नाहीतर विकूनच टाकते."

मी गाडी चालवून पाहिली. उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकावर येतं. तेव्हा आवाज वाढायचा, डावीकडे वळलं की बसायचा. म्हणजे डावं बेअरिंग गेलं, डोळे मिटून सांगावं असं. नवं बसवलं आणि पुन्हा चक्कर मारली. आवाज जसाच्या तसा.

एकच चाक दोनदा खोलायचं म्हणजे नाचक्कीच. चिडून मी गाडी सपाट फरशीवर घेतली आणि मागून पाहिलं. हौदा रिकामा होता, तरी डावीकडचे स्प्रिंगचे पाटे उजवीकडच्यापेक्षा दोन बोटं दबलेले. मोडलेलं काही नव्हतं. जॅक लावला, तर डावी बाजू भरल्या गाडीसारखी जड. हौद्यातून ओल्या मातीचा वास येत होता.

"या कोपऱ्यात काय ठेवता?"

"काही नाही..." बाई थांबल्या. "तिथे आबा बसायचे. माझे सासरे. रोपं कलंडू नयेत म्हणून. हिवाळ्यात गेले ते."

मला थट्टा सुचली. तिथेच माझं चुकलं.

"मग सांगा त्यांना, गॅरेज आलं, उतरा म्हणावं."

बाई हसल्या नाहीत. मागे गेल्या, फाळका उघडून खाली सोडला आणि एक हात पुढे केला.

"आबा... आलं ठिकाण. उतरा, सावकाश..."

पाटे कुरकुरले. डावी बाजू दोन बोटं वर आली.

मी घाबरलो. हात पुसायच्या निमित्ताने आत गेलो आणि बराच वेळ हात पुसत राहिलो. नंतर गाडी ऐंशीपर्यंत पळवली. आवाज पार गेला होता. बाई मोकळ्या मनाने घरी गेल्या.

आठवड्याने त्या परत आल्या. गाडीची तक्रार नव्हती.

"पोरगी सारखी मागच्या काचेतून बघते. आबांना कुठे सोडलंस, विचारते. मला वाटलं होतं, सुटले एकदाची. पण घरातलं माणूस हाकलून दिल्यासारखं झालं हो... न्यायला आलेय."

त्यांनी फाळका सोडला. मी डाव्या पाट्यांवर हात ठेवून उकिडवा बसलो.

"आबा, चला ना घरी..."

त्यांनी तीनदा हाक मारली. शेवटची तर मला ऐकवेना. माझ्या हाताखालचं लोखंड थंडगार होतं आणि केसभरही हललं नाही. बाईंनी फाळका लावला, पदराने डोळे पुसले आणि गेल्या. पुढच्या वळणावर पिकअप उजवीकडे वळली, अगदी बिनआवाजी. मला फार वाईट वाटलं.

यातलं मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा. पण गॅरेजच्या बाकावर गिऱ्हाईकं हल्ली दाटीवाटीने बसतात आणि डावं टोक मोकळं सोडतात. काल एक अनोळखी गृहस्थ आले होते. एकटेच होते, म्हणून म्हटलं, या, तुमची गाडी आधी घेतो.

ते उठले नाहीत. शेजारच्या मोकळ्या जागेकडे हात करून म्हणाले, "आधी यांचं बघा. हे माझ्या आधीपासून बसलेत."