धुक्यातला गंडभेरुंड

माझ्या गंडभेरुंडाचं एकूण एक पीस मी रंगवलं होतं. तरी तो कोंबडीएवढा का दिसत होता? या प्रश्नाने माझं डोकं पार उठलं होतं.

गंडभेरुंड म्हणजे गोष्टीतला दोन डोक्यांचा महाकाय पक्षी. आमच्या चांद्रवसाहतीच्या शाळेत सगळ्यांनी संगणकावर त्याचंच चित्र काढलं होतं, मागे पृथ्वीवरचे डोंगर आणि नदी. मुलांची सर्वांत जास्त मतं मिळवणारं चित्र सभागृहाच्या भिंतीवर लागणार होतं. ते माझंच लागावं म्हणून मी जीव तोडून राबले होते. पण मुलं खिळली होती ती निहारच्या चित्रासमोर. निहार मागच्याच वर्षी पृथ्वीवरून आलेला, धुक्यात बुडणाऱ्या डोंगराळ जव्हारचा. त्याचं चित्र बघणारा प्रत्येक जण नकळत एक पाऊल मागे सरकायचा. माझं बघून कुणी हललंसुद्धा नाही!

“आजोबा, त्याने पक्षी धड काढलेलाच नाही! नुसता धुरकट डाग!” मी कुरकुरले.

माझे आजोबा प्रकाशाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ. ते हसले आणि मला भाजीच्या हरितगृहात घेऊन गेले. तिथे पाण्याचे बारीक फवारे चालू होते.

“ऋजू, जवळची वांगी कशी दिसतात?”

“काळीजांभळी, ठसठशीत.”

“आणि पार त्या टोकाची?”

“फिकट, पांढुरकी... अरेच्चा!”

“हवेतले कण आणि थेंब प्रकाशाला चहूकडे उडवतात. याला विकिरण (कणांवर आदळून प्रकाश विखुरणं) म्हणतात. वस्तू जितकी लांब, तितकी मधली हवा जास्त आणि तितका हा विखुरलेला प्रकाशही जास्त. म्हणून लांबचं फिकट दिसतं. निहारचा पक्षी फिकट, म्हणजे खूप लांब. आणि एवढ्या लांबून आभाळ व्यापतो, म्हणजे केवढा असेल बघ!”

“मग मला हे कधी दिसलं कसं नाही?”

“अगं, तू जन्मलीस चंद्रावर. बाहेर हवाच नाही. लांबचा डोंगरही हात लावावा इतका स्वच्छ दिसतो. तुझ्या चित्रात तू पृथ्वीवरची सगळी हवाच काढून घेतलीस!”

मी धावत शाळेत, निहारच्या चित्रासमोर परत आले. काय चित्र होतं हो ते! खालच्या कोपऱ्यात एक चिमुकली मुलगी, पाठमोरी. एका पायावर दुसरा पाय ठेवलेला, पाठीमागे धरलेल्या हातात भाकरी. चेहरा दिसत नव्हता, तरी कळत होतं, ही घाबरलीय, पण त्या पक्ष्याला खाऊ घातल्याशिवाय जायची नाही. मी माझं मत निहारला दिलं आणि भिंतीवर त्याचंच चित्र लागलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग मी माझ्या चित्रातली नदी पुसली, डोंगर पुसले. काळंकुट्ट आभाळ आणि राखाडी जमीन रंगवली. पक्षी तसाच ठेवला, लख्ख. इथे हवा नाही ना! फक्त त्याच्या पायाशी अंतराळपोशाखातली मी काढली, चवड्यांवर उभी, हात उंच केलेला, तरी त्याच्या नखापर्यंतही न पोचणारी.

निहार बघायला आला. मग एक पाऊल मागे सरकला.

“मंगळावर धुळीची हवा असते,” तो हळूच म्हणाला. “तिथला गंडभेरुंड आपण दोघं मिळून काढू या?”