दुसऱ्या नाचाआधी

आमच्या गूजबेरी क्रीकच्या दफनभूमीत एक माणूस पालथा पडला होता, आणि मी गवत कापायची गाडी घेऊन थेट त्याच्यावरच निघाले होते.

"अहो! जिवंत आहात ना?" इंजिन बंद करून मी ओरडले.

"आत्तापर्यंत तरी!" दगडाआडून आवाज आला. "जरा बाजूला व्हाल का? माझं ऊन अडवताय तुम्ही."

माझं ऊन! अख्ख्या नेब्रास्काचं ऊन म्हणे याच्या मालकीचं! मी तावातावाने खाली उतरले. महिनाअखेरीला सगळी घराणी आपापल्या थडग्यांवर फुलं वाहायला येतात. त्याआधी एवढं गवत मला एकटीला संपवायचं होतं, आणि हा मधेच आडवा पसरलेला. तो उठून बसला. गालाला चिखल, केसांत काड्या, हातात दाढीचा आरसा. आणि डोळे असे की... जाऊ दे, डोळ्यांचं नंतर सांगते.

"आरशाने ऊन तिरपं पाडलं ना, की झिजलेली अक्षरं वर येतात," तो म्हणाला. "बघा ना." त्याने आरसा कलता धरला. ज्या दगडाला मी लहानपणापासून कोरा समजत होते, त्यावर हळूहळू एक नाव उमटलं... ॲना हावलिक.

"ही होय!" मी म्हणाले. "ओढ्यापलीकडची, बोहेमियातून आलेली चेक बाई. नवऱ्याला हिमवादळाने नेलं, हिला तापाने. त्यांचं असं कुणी नव्हतं म्हणून आमच्या रांगेत पुरलं."

"आमच्या म्हणजे?"

"ऑस्टबींच्या. मी सिग्ने ऑस्टबी."

तो एकदम उभा राहिला. "मी एमेट ऑस्टबी! ओरेगॉनहून आलोय. माझे पणजोबा नील्स इथलेच. म्हणजे आपण..." त्याचा चेहरा आधी उजळला. मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, आणि तो उजेड जरासा कमी झाला. "म्हणजे आपण नातेवाईक," तो हळूच म्हणाला.

माझाही उजेड कमी झाला होता, पण मी तो दिसू देते होय! "मग अहो-जाहो कशाला? आणि तुझं नाक कुठे गेलं?"

"काय?"

"ऑस्टबी नाक." मी माझं पुढे केलं. आमच्या घराण्याचं नाक आधी घरात शिरतं, माणूस मागून येतो.

त्याने आपलं छोटंसं, वर वळलेलं नाक चाचपलं. "ओरेगॉनच्या पावसात झिजलं असेल."

मी इतकी हसले की चर्चच्या वळचणीतली कबुतरं उडाली.

तो आला होता नील्सच्या आईसाठी. त्याचे आजोबा आता नव्वदीत होते, आणि नील्स म्हातारपणी काय म्हणायचा ते त्यांना अजून आठवत होतं. 'माझी आई गूजबेरीला आहे, रांगेच्या टोकाला.' पण नील्सची आई मारित तर रांगेच्या मधोमध होती, नवऱ्याच्या शेजारी. टोकाला होती ती ही ॲना.

"म्हातारपणी विसरले असतील," मी म्हणाले.

"असेल... पण आजोबांना तसं सांगवत नाही मला," तो म्हणाला, आणि हे बोलताना त्याने आरसा शर्टाला पुसला, उगीचच. तेव्हाच माझ्या आत काहीतरी हललं.

आता आमच्या खोऱ्याची एक गंमत सांगायला हवी. इथे सहाच घराणी आली, आणि त्या सहांची एकमेकांत इतकी लग्नं झाली की शेवटी एक जुना पाद्री वैतागला. 'ज्यांचे खापरपणजोबा एक, त्यांचं लग्न मी लावणार नाही,' म्हणाला. तो गेला, नियम राहिला. शनिवारच्या नाचात पहिला नाच कुणाशीही करा, पण त्याच माणसाशी दुसरा नाच करण्याआधी बोर्गिल्ड आत्याला विचारायचं. साऱ्या खोऱ्याची नाती तिच्या बोटांवर. माझी सख्खी आत्या म्हणून मला सूट मिळेल, असं वाटत असेल तर तुम्ही तिला ओळखत नाही.

मी तिला विचारलंच नाही. विचारलं नाही तर उत्तर मिळत नाही, एवढी अक्कल मला होती. तो आठवडा मी एमेटला गाडीत घालून खोरंभर फिरवलं. मोडकी कोठारं, जुनी शाळा, म्हातारी माणसं. सगळ्यांच्या घरी रूबार्बच्या आंबटगोड देठांची भाजलेली पाई खाऊन खाऊन त्याचं पोट बिघडलं, तरी कुणालाही 'नको' म्हणायची त्याची हिंमत होईना.

"तुला खोटं बोलता येत नाही वाटतं?" मी विचारलं.

"येतं की. परवा तू गायलीस तेव्हा छान म्हणालो ना?"

मी त्याला कोपर मारलं. तो हसला... आणि मग आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघत बसलो, कोवळ्या मक्याकडे. कोवळ्या मक्यात बघण्यासारखं काही नसतं.

शनिवारी हॉलमध्ये व्हायोलिन सुरू झालं. पहिला नाच. त्याचा हात माझ्या पाठीवर, इतका हलका की तो आहे की नाही हे बघायला मीच जवळ सरकले. मी खूश होते हो, वेडी खूश! व्हायोलिन थांबलं, पुन्हा सुरू झालं, आणि आम्ही हात सोडलेच नाहीत.

"सिग्ने!" पाईच्या टेबलामागून आत्याचा काटा वर झाला. "इकडे या दोघं."

ती बोटांवर मोजायला लागली. "तुझे पणजोबा पेडर. याचे नील्स. दोघांचा बाप अँडर्स. म्हणजे खापरपणजोबा एक." तिने काटा खाली ठेवला. "पोरी, मला आनंद होतोय असं समजू नकोस."

"कायद्याने चालतं, आत्या."

"कायद्याला इथे पाई खायला कोण बोलावतंय?"

एमेट म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं." एवढंच. त्याच्यावर इतका राग आला ना मला! भांडायचं तरी होतंस मेल्या, असं मनात म्हणत मी घरी गेले आणि उशीत तोंड खुपसून रडले. खरं म्हणजे राग त्याच्यावर नव्हताच. तो या माणसांना शोधत इतक्या लांबून आला होता. पहिल्याच आठवड्यात त्यांचा नियम मोडायला त्याला कसं सांगणार?

रविवारी दुपारी तो दारात उभा. "उद्या सकाळी निघतो. त्याआधी जुनं घर दाखवशील? एवढंच राहिलंय."

घर कसलं! कुरणात तळघराचा एक खड्डा उरला होता, आणि त्याच्या कडेने लायलॅकच्या फुलझाडांची रांग. बारीक पाऊस पडून गेला होता, फुलांचा वास नुसता अंगावर येत होता.

"मारित प्रत्येक मुलाच्या जन्माला एक झाड लावायची," मी सांगितलं. "मूल मोठं होऊन दुसरीकडे गेलं की आपल्या झाडाचा फुटवा घेऊन जायचं. माझ्या दारात पेडरचं आहे. तुझ्या..."

"आमच्याकडेही आहे. नील्सने ओल्या पोत्यात गुंडाळून नेलं होतं." तो पुढे चालत होता. शेवटच्या झाडाशी थांबला. "हे. हेच आमचं."

"वेडा आहेस का? ऑस्टबींचे लायलॅक सगळे जांभळे. ते पांढरं तर जन्मताच गेलेल्या बाळाचं आहे. आत्यानेच सांगितलंय."

"सिग्ने, आमच्या दारातला लायलॅक पांढरा आहे."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे. गेलेल्या बाळाच्या झाडाचा फुटवा नील्स कशाला नेईल? आपलं झाड सोडून? पानांवरचं पाणी टपटप पडत होतं.

"आणि मारितने सगळे फुटवे आपल्याच झाडाचे लावले असतील, तर पांढरा आला कुठून?" तो म्हणाला.

पांढरा... पांढरा लायलॅक मी पाहिला होता! दर वसंतात पाहत होते! मी त्याचा हात धरला आणि उतारावरून पळत सुटले. ओढ्यात बूट भरले, तो घसरला, मी हसले, मग मी घसरले. पलीकडे टेकाडाच्या पोटात मातीत खणलेलं एक जुनं घर, छत कधीच बसलेलं. आणि त्याच्या दाराशी रान माजल्यासारखा लायलॅक. पांढराशुभ्र.

"इथे कोण राहायचं?" एमेटने विचारलं.

"ॲना," मी म्हणाले. "ॲना हावलिक."

दफनभूमीत पोचलो तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं, आरशाची गरजच नव्हती. तो दगड बाकीच्यांपेक्षा ठेंगणा. जमिनीत खचलेला! आम्ही गुडघ्यांवर बसून बोटांनी माती उकरायला लागलो. नावाखालून आणखी एक ओळ वर आली. मी हाताने पुसली, आणि त्याने मोठ्याने वाचली.

"आमच्या नील्सची आई."

कितीतरी वेळ तो त्या 'आमच्या'वर बोट ठेवून बसला होता. असा दगड कोण लावणार? मारितनेच लावला असणार. ॲनाचं तान्हं पोर उचलून घरी आणलं, आपलं नाव दिलं, आणि त्याच्या आईचं झाड ओढ्यापलीकडून आणून आपल्या मुलांच्या रांगेत लावलं. आपण कुणाचे आहोत ते त्याने विसरू नये म्हणून.

"नील्स विसरले नव्हते," मी म्हणाले. "टोकालाच होती ती."

"आजोबांना सांगतो," तो म्हणाला. मग डोळे पुसत हसला. "आठ दिवस तुमची माणसं शोधत फिरलो, आणि त्यातलं रक्ताचं एकही माझं नाही. तूसुद्धा... सिग्ने, तू माझी कोणी म्हणजे कोणी लागत नाहीस!"

आयुष्यात कुणी माझ्याशी इतकं गोड बोललं नव्हतं.

आत्या भांडी धुत होती. आम्ही दोघं एकाच वेळी बोलत होतो, चिखल तिच्या फरशीवर ठिबकत होता, आणि ती भांडी तशीच टाकून ऐकत होती. मग ओल्या हाताने तिने एमेटची हनुवटी धरली आणि त्याचं नाक या बाजूने, त्या बाजूने पाहिलं.

"तरीच," ती म्हणाली. "मला शनिवारपासून खटकतंय." तिचे डोळे भरले होते. "पण ऐकून ठेव. झाड आमच्या रांगेत आहे, दगड आमच्या रांगेत आहे. नील्स आमचा. तूही आमचाच. त्यात बदल होणार नाही."

मी तिचा हात धरला. "म्हणजे आत्या... नाहीच का?"

"अगं वेडे, घरचा आहे म्हणाले. खापरपणजोबा एक आहेत म्हणाले का?" तिने हात पुसले. "आणि बघ, लग्नानंतर आडनाव बदलायचीही कटकट नाही. रेडिओ लाव."

टेबल आणि शेगडीच्या मधल्या एवढ्याशा जागेत आम्ही आमचा दुसरा नाच नाचलो. बुटांतलं ओढ्याचं पाणी पचक पचक वाजत होतं. त्याचे डोळे... हो, सांगायचं राहिलं होतं. तपकिरी, आणि माझ्याकडे बघताना त्यांत सगळं दिसायचं. खोटं बोलता न येणाऱ्या माणसाचे डोळे.

"तिसऱ्या नाचाआधीही आत्यांना विचारायचं असतं?" त्याने कानाशी विचारलं.

"नाही. तिथे आत्याचं काम संपतं."

"मग कुणाला विचारायचं?"

"मला."

तो नाचता नाचता थांबला. त्याने विचारलं, पण नाचाबद्दल नाही. "उद्या नाही गेलो तर? राहू?"

"राहा," मी म्हणाले.

रेडिओवरचं गाणं केव्हाच संपून हवामानाच्या बातम्या लागल्या होत्या. ते फक्त आत्याच्या लक्षात आलं, आणि तिने रेडिओ बंद केला नाही.