थोरल्याचा भाला

बेडूक मारायचा भाला घेताना नवखा माणूस काट्यांची धार बघतो. आमच्या दलदलीतली माणसं आधी दांडा बघतात. गुडघाभर पाण्यात पुढचं पाऊल टाकण्याआधी त्या दांड्यानं तळ चाचपायचा असतो, आणि पाय रुतलाच तर त्याच्यावर सगळा भार टाकून वर यायचं असतं. माझा नवरा ऑक्ताव गेल्या उन्हाळ्यात असाच भार टाकायला गेला आणि दांडा मोडला. चिखलानं त्याला परत दिलं नाही.

यंदा मी स्वतः उतरायचं ठरवलं. हॉटेलवाले बेडकांच्या तंगड्या आनंदानं घेतात, आणि विधवेला घरी बसवून कोण जेवू घालणार? भाला निवडायला थोरला दीर तेलेस्फोर, आमचा तेलो, सोबत आला. तेलो दुकानातला एकेक दांडा जमिनीवर टेकवून त्याच्यावर अंग टाकून लोंबायला लागला.

"भाला घेतोयस की बायको?" दुकानदारीण करवादली.

"बायको मोडली तर माहेरी तरी जाते," मी म्हटलं.

तेलो हसला नाही. त्याला एकही दांडा पटेना. शेवटी त्यानं गाडीतून स्वतःचा भाला काढून माझ्या हातात दिला आणि स्वतःसाठी दुकानातली एक बांबूची काटकी उचलली.

"हा तुझा आहे," मी म्हटलं. "तुमच्या घरात थोरला आधी निवडतो ना?"

"म्हणूनच घे, नोएमी."

अंधार पडल्यावर आम्ही पाण्यात उतरलो. कपाळावरच्या विजेरीच्या उजेडात सायप्रसच्या झाडांची खोडं येत होती, जात होती. कुजक्या पानांचा वास नाकात बसला होता. चहूकडून बेडकांचा घोगरा गजर चालला होता. मी दांडा टोचत पुढे, तेलो मागे. चुबुक... चुबुक... माझा दांडा, त्याचा दांडा. आणि मग आणखी एक.

"तेलो, दोनदा कशाला टोचतोयस?"

"मी... मी केव्हाचा उभाच आहे."

बेडूक गप्प झाले. चुबुक, असं जवळच पुन्हा एकदा वाजलं.

"नोएमी," तेलो कुजबुजला, "ऑक्ताव गेला त्या दिवशी आमच्याकडे दोन भाले होते. एकाच्या दांड्याला चीर होती. मला दिसली होती..."

"मग?"

"थोरला मी. चांगला मी उचलला. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, आज नको जाऊया. आणि मला जायचं होतं..."

माझ्या हातात पाच काटे होते आणि तो हाताच्या अंतरावर होता. मनात काय आलं ते सांगायची लाज वाटते. मी एक पाऊल त्याच्याकडे टाकलं. तो तळ न चाचपता मागे सरला आणि कमरेपर्यंत गेला. बांबू काडकन मोडला.

"नोएमी... दांडा दे!"

मी दिला नाही. चिखल त्याच्या छातीला लागेपर्यंत मी बघत उभी राहिले. मग भानावर येऊन दांडा पुढे केला, पण तो त्याच्या हाती पोहोचण्याआधीच तेलो वर आला. जिन्याची पायरी चढावी तसा, सरळ.

"पायाखाली हात आहे," तो म्हणाला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

तेव्हापासून तो माझ्याकडे जेवायला बसला की उजवा पाय जमिनीला टेकवत नाही. मक्याच्या पिठात तळलेल्या तंगड्या मी वाढते, तो घास चिवडत बसतो.

"टेक की रे पाय," मी एकदा वैतागून म्हटलं.

"खाली तो आहे. त्याच्यावर भार कसा देऊ?"

मला वाटलं, अपराधानं डोकं फिरलंय बिचाऱ्याचं. पण तो गेल्यावर फरशी पुसताना दिसायचं. डाव्या बुटाचा मातकट ठसा, आणि उजव्याच्या जागी ओला तळहात, पाचही बोटं पसरलेला. मी ते पुसून टाकायची. मी त्या रात्री मुद्दाम उभी राहिले ते तेलोला माहीत नाही; त्याला वाटतं, मी घाबरून थिजले होते. मला वाटत होतं, कुणालाच माहीत नाही.

काल तेलो आला नव्हता. मी एकटीच जेवले आणि ताट उचलायला उठले, तर खुर्चीखाली, माझे पाय होते तिथं, फरशीवर दोन ओले तळहात उमटले होते. मी तशीच परत बसले. दोन्ही पाय अजून वर घेतलेत.