एक वाजताची घंटा

रूबेन पेनरला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या हातात एक लाकडी हातोडी होती, आणि ती हिसकावून त्याच्याच डोक्यात घालावी असं मला मनापासून वाटलं होतं. प्रेमकथा अशी सुरू होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण मी तरी काय करू, आमची अशीच झाली.

जूनमधला मंगळवार होता. आमच्या आल्डर लेक गावातल्या सेवा क्लबची मंडळी दर मंगळवारी दुपारी कर्लिंग रिंकच्या, म्हणजे बर्फावर दगड घसरवायच्या खेळाच्या बंदिस्त मैदानाच्या, माडीवर जेवायला जमतात. बारा वाजता घंटा, एक वाजता घंटा. मधल्या तासात बटाट्याच्या सारणाची उकडलेली पेरोगी, सॉसेज, रूबार्बच्या आंबट देठांची गोड पाई आणि गावाचं भलं. त्या दिवशी आम्हाला बोलावणं होतं. टाटोंना, म्हणजे माझ्या वडिलांना, वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, व्हीलचेअर आली आणि शब्द घशाशी येऊन अडकायला लागले. डोकं मात्र पूर्वीइतकंच तल्लख. क्लबने तीन आठवड्यांपूर्वी एका शनिवारात आमच्या दाराशी रॅम्प बांधून दिला होता. आता रीतीप्रमाणे टाटोंनी यायचं, दोन शब्द बोलायचे आणि क्लबच्या झेंड्याखाली फोटो काढून घ्यायचा.

आता गंमत बघा. गावभर रॅम्प बांधत फिरणारा हा क्लब स्वतः माडीवर भरतो! चौघांनी टाटोंना खुर्चीसकट उचलून एकवीस पायऱ्या वर नेलं. सामानासारखं. टाटो छताकडे बघत राहिले. माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण मी गप्प बसले. लोकांनी आपल्यासाठी एवढं केलंय, म्हटलं, तोंड आवर, ओरिसिया.

टाटोंनी आठवडाभर न्हाणीघराचं दार लावून बोलायचा सराव केला होता. मलाही ऐकू देत नव्हते. त्यांची पाळी आली तेव्हा एकाला सहा मिनिटं कमी होती.

"तुम्ही… माझ्या… दाराशी… जो… रॅम्प… बांधलात…"

कपाळावर घाम आला होता. सगळे कौतुकाने हसत होते, शाळेच्या स्नेहसंमेलनात बघतात तसे. अध्यक्ष लोर्न ॲबट हे गावातले दातांचे डॉक्टर. त्यांचं लक्ष मनगटावरच्या घड्याळाकडे.

"तो… रॅम्प…"

टण्ण!

एक वाजला होता. "तो रॅम्प छान झालाय, हेच ना, मायरन?" ॲबट उठत म्हणाले. "अहो, आभार कसले मानता!" टाळ्या वाजल्या. फोटो निघाला. टाटोंचं तोंड अजून उघडंच होतं. फोटोतही तसंच आलंय.

जिन्याखाली मी त्या घंटावाल्या रूबेनला गाठलं. उंच, सडपातळ, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा असेल.

"काय हो, गाडी सुटत होती का कुठली?"

"नाही… म्हणजे, एकाच्या ठोक्याला घंटा वाजवायची, ते काम माझ्याकडे…"

"आणि समोर माणूस बोलतोय, ते दिसत नव्हतं?"

"दिसत होतं." त्याने मान खाली घातली. "मला लाज वाटतेय. खरंच."

"वाटायलाच हवी! पण तुमच्या लाजेने त्यांचं वाक्य पुरं होणार आहे का?"

त्याचे डोळे करडे होते आणि कानांच्या पाळ्या लालभडक झाल्या होत्या. हे मी का टिपून ठेवलं, कुणास ठाऊक. भांडताना असल्या गोष्टी बघायच्या नसतात.

घरी आल्यावर टाटो बोलेनासे झाले. चहा हवा तर कपाकडे बोट, बास. एका वर्षात कष्टाने मिळवलेले शब्द त्या एका टणत्काराने गेले की काय, अशी मला भीती वाटायला लागली. औषधांच्या दुकानात माझी नोकरी, तिथेही मी गिऱ्हाइकांवर खेकसत होते. टाटोंचं वाक्य मध्येच तोडून पुरं करणाऱ्यांचा मला पहिल्यापासून संताप येतो. चर्चमध्ये करतात, बेकरीत करतात. एवढी कसली घाई असते लोकांना?

गुरुवारी संध्याकाळी पाऊस पडत होता. खिडकीतून बघते तर घंटावाला फाटकातून आत येतोय. पायऱ्या सोडून मुद्दाम रॅम्पवरून चढायला लागला आणि निम्म्यात पाय सटकून गुडघ्यांवर आपटला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

"लागलं का?" मी दार उघडून गोड आवाजात विचारलं.

"तुम्हाला आनंद झालेला दिसतोय."

"थोडासा. पुन्हा पडलात तर आणखी होईल."

तो हसला. भिजलेल्या कोटातून त्याने हातोडी काढली. तीच! "ही ठेवा तुमच्याकडे. आमच्या नियमात लिहिलंय, या हातोडीने घंटा वाजल्याशिवाय सभा संपत नाही. पुढच्या मंगळवारी तुमचे वडील सांगतील तेव्हा संपेल."

"चोरून आणलीत?"

"मीच सांभाळतो ती. स्वतःकडून चोरली तर चोरी होते का?"

मी त्याला आत घेतलं. पाऊस होता म्हणून, दुसरं काही नाही. टाटोंसमोर खुर्ची ओढून तो म्हणाला, "मिस्टर हावरिलूक, तुमचं वाक्य मी तोडलं. उरलेलं ऐकायला आलोय."

टाटोंनी त्याला नीट न्याहाळलं. मग ओठ हलले. "मं… मं…ग…ळ…" माझ्या जिभेवर शब्द आलाच होता, पण रूबेनने नुसता हात वर करून मला थांबवलं. मान पुढे केली नाही, भुवया उंचावल्या नाहीत, मदत केल्यासारखे ओठही हलवले नाहीत. शेतात पाऊस बघत बसावं तसा बसून राहिला.

"मंगळवारी. स…गळ्यांना… सांगेन."

दोन दिवसांनंतरचे पहिले शब्द! मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून थोडं रडले. मग डोळे पुसून त्याला बीटाचं सूप वाढलं, सढळ हाताने क्रीम घालून. शुक्रवारी तो पुन्हा आला, शनिवारीही. रविवारी आला नाही तर मी चारदा खिडकीशी गेले आणि स्वतःवरच चिडले.

मंगळवारी टेबलं माडीवर नव्हती. रूबेनने सकाळीच एकट्याने सगळी खाली उतरवून रिंकच्या जमिनीवर मांडली होती. उन्हाळ्यात तिथला बर्फ काढलेला असतो, नुसतं सिमेंट उरतं. सभासद कुरकुरत बसले. टाटो आपल्या चाकांवर आत आले, कोणी न उचलता.

जेवण झाल्यावर ते बोलायला लागले. पाच मिनिटं गेली. एक वाजला. ॲबट चुळबुळले. "रूबेन, घंटा."

"हातोडी मिस्टर हावरिलूकांकडे आहे, साहेब."

"मग चमच्याने वाजव! माझे पेशंट खोळंबलेत!"

"चमच्याचं नियमात लिहिलेलं नाही," रूबेन शांतपणे म्हणाला, आणि मागून दोन-तीन म्हातारे खुसखुसले. ॲबट बसले.

टाटोंनी घाम पुसला. "तुम्ही… माझ्या दाराशी… जो… रॅम्प… बांधलात… तो… रॅम्प…" मागचे म्हातारे ऐकायला पुढे सरकले. "…फार… उभा… आहे."

कोणाला कळेचना.

"दोन… फूट… उंची. चोवीस… फूट… लांब… हवा. तुम्ही… सोळातच… उरकलात." चाळीस वर्षं त्यांनी गावाच्या धान्य कोठाराच्या उतारावरून ट्रक चढवले-उतरवले होते. चढ ते नुसत्या नजरेने मोजतात. "मी… एकटा… उतरू… शकत नाही. खुर्ची… पळते. चार… आठवडे… मी… घरात. बाहेर… लायलॅक… फुललाय."

मी जागच्या जागी गोठले. कारण घरीही ते "तो रॅम्प…" असं सुरू करायचे, आणि मी पर्स उचलता उचलता म्हणायचे, "हो टाटो, छान झालाय, किती केलं लोकांनी!" आणि कामावर पळायचे. साऱ्या गावावर मी डाफरत होते, आणि त्यांचं वाक्य सगळ्यात जास्त वेळा मीच तोडलं होतं.

"तो मीच आखूड कापला," रूबेन उभा राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मोजमाप माझं होतं. त्या शनिवारी चार वाजता नव्या रॅम्पचा फोटो काढायला फोटोवाला येणार होता, आणि आणखी आठ फूट घालायला वेळ नव्हता. मला ठाऊक होतं आणि मी चालवून घेतलं."

"फोटोसाठी?" मी ओरडलेच. "फोटोसाठी माझ्या वडिलांना कोंडलंस? आणि मला सूप वाढू दिलंस?"

"उतार मापात नाही, एवढं माहीत होतं. ते घरात अडकलेत, हे आत्ता कळलं, ओरिसिया. त्या दिवशी पाय घसरला तेव्हाच बोलायला हवं होतं. धीर झाला नाही."

टाटोंनी डाव्या हाताने हातोडी उचलली. "शनि…वारी… पुन्हा… बांधा," ते म्हणाले. "फोटो… नको." आणि त्यांनी स्वतः घंटा वाजवली. एक वाजून एकोणीस मिनिटं झाली होती. ॲबटांनी जाताना त्यांचा हात हातात घेतला आणि पहिल्यांदाच घड्याळाकडे न बघता उभे राहिले.

शनिवारी अख्खा क्लब आमच्या अंगणात होता. मी रूबेनशी चार दिवस बोलले नव्हते. त्याने माझ्याकडे न बघता चोवीस फूट मोजले. मग टाटोंनी बोटाने खूण केली म्हणून पुन्हा मोजले. तिसऱ्यांदा मोजले तेव्हा मला हसू आवरेना. संध्याकाळी टाटो एकटे, सावकाश, खालपर्यंत उतरले. लायलॅकची जांभळ्या फुलांची फांदी ओढून त्यांनी नाकाशी धरली आणि बराच वेळ सोडली नाही.

सगळे गेल्यावर रूबेन हत्यारं गोळा करायचं निमित्त करून रेंगाळला. त्याच्या केसांत लाकडाचा भुसा होता. तो झटकून टाकायला माझा हात शिवशिवत होता.

"अजून रागावलीयस?"

"भरपूर. एवढ्यात उतरायचा नाही."

"मग मी रोज येऊन बघत जाईन, किती उरलाय ते." तो थोडा जवळ आला. "ओरिसिया, मला तुला… म्हणजे मी… त्या जिन्याखाली तू ओरडत होतीस ना, तेव्हापासून मी…"

टण्ण!

लायलॅकखाली टाटोंनी रॅम्पच्या लोखंडी कठड्यावर हातोडी हाणली होती. "वेळ… संपली!" ते म्हणाले आणि खांदे हलेपर्यंत हसले. झटका आल्यापासून त्यांचं असं हसणं मी ऐकलंच नव्हतं.

रूबेनच्या कानांच्या पाळ्या पुन्हा तशाच लालभडक झाल्या. तोंड उघडं, शब्द अडकलेला. पुढचे शब्द मला ठाऊक होते. माझ्या जिभेवरच होते ते, एका दमात म्हणून टाकता आले असते.

"त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस," मी म्हणाले आणि रॅम्पच्या कडेला बसून घेतलं. "सावकाश बोल. मी थांबलेय."

त्याला बराच वेळ लागला. मी एकही शब्द मध्ये घातला नाही. उत्तर द्यायला मात्र मी अजिबात वेळ लावला नाही.